रेघेखालची रिकामी जागा

शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाचे दार पुन्हा उघडले, तेव्हा माझ्यावर एक रेघ होती. एक वाजता दार बंद झाले तेव्हा ती नव्हती. रेघ खडूची, आडवी, वीतभर लांब. तिला लागून खाली एकही अक्षर नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. एका लहान गावाच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून मी भिंतीवर आहे. तोंड रस्त्याकडे असले तरी रस्ता मी कधी पाहिलेला नाही, कारण मला डोळे नाहीत. मला ऐकू येते, आणि माझ्या अंगावरून फिरणारा हात मला कळतो. हे आधीच सांगून ठेवतो. ती रेघ कोणी ओढली असे तुम्ही पुढे विचाराल, आणि मला उत्तर देता येणार नाही.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. शाळेच्या बाकांतून उरलेल्या फळ्या त्याने सांधल्या, रंधा मारला, काळा रंग दिला आणि बोट फिरवून म्हणाला की खडू कुठेही अडणार नाही. एके ठिकाणी अडतो. खाली उजव्या कोपऱ्यात लाकडात एक उभी, लांबट गाठ आहे. तिच्यावरून जाताना प्रत्येक हात आपापल्या परीने दचकतो. कोणाचा खडू उडी मारतो, कोणाचा मोडतो. गावातली निम्मी माणसे मी त्या दचकण्यावरून ओळखतो.

मला ओसरीत लावले ते ग्रंथपालबाईंनी. त्या तेव्हा नव्याने रुजू झाल्या होत्या. गाव त्यांना नुसते बाई म्हणते. वाचनालयात पुस्तके होती, पण गावाला स्वतःची बातमी कळायला जागा नव्हती, म्हणून मी आलो. पाणी उद्या उशिरा येईल. दवाखान्यात नवे डॉक्टर आले. निळी छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. पोस्टमास्तरांना मुलगी झाली. असे माझ्यावर रोज लिहिले जाई.

बाईंचे दोन नियम होते. पहिला असा की दोघांनी सांगितले तर ती बातमी, एकानेच सांगितले तर त्या गप्पा. दुसरा असा की ज्याने लिहिले त्यानेच पुसायचे. पुसणे म्हणजे ते प्रकरण संपले असे गावाला सांगणे, आणि तसे सांगण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्यामुळे कधीकधी पंचाईत होई. पोस्टमास्तरांची मुलगी रांगायला लागली तरी तिच्या जन्माची बातमी माझ्यावर होती, कारण ती तिच्या आजोबांनी लिहिली होती आणि ते पुसायचे नाव घेत नव्हते. वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला शाबासकी दिली, सगळ्या बातम्या मोठ्याने वाचल्या, आणि आपले पेन हरवल्याची सूचना स्वतःच्या हाताने लिहिली. पेन त्यांच्याच खिशात निघाले असे नंतर कळले. पण पुसायला काही ते परत आले नाहीत. नवा रंग लागेपर्यंत त्यांचे पेन हरवलेलेच राहिले.

पुसले तरी सगळे जात नाही, मित्रांनो. भुकटी लाकडाच्या रेषांत बसते आणि हवा दमट झाली की जुनी अक्षरे वर येतात. तेव्हा लोक म्हणत, फळ्याला घाम फुटला, आता तो खरे बोलेल. माझी किती चेष्टा झाली तरी त्या काळात माझ्यासमोर माणसे उभी राहत, एवढे खरे.

उन्हाळ्याच्या सुटीत वाचनालय मुलांचे असे. सकाळी गोष्टी, मग कागदाचे मुखवटे, पुस्तकांना पुठ्ठे घालणे आणि बातमीची पाळी. रोज एका मुलाने गावात जायचे, एक बातमी आणायची, ती दोघांकडून पक्की करायची आणि माझ्यावर लिहायची. चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी त्यानेच खाली तसे लिहायचे. मोठी माणसे मुलांच्या बातम्या आधी वाचत. त्या बहुतेक वेळा जास्त खऱ्या निघत.

समोर रस्त्यापलीकडे इस्त्रीचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या इस्त्रीवालीच्या दोन मुली या उन्हाळी वर्गाला येत. थोरली सोळा वर्षांची. ती मुलांवर देखरेख ठेवी, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. धाकटी नऊ वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून ती भिंगरी.

भिंगरी डावखुरी होती. बाकीची मुले आधी अक्षरे लिहीत आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ देत. भिंगरी आधी रेघ ओढी, तीही उजवीकडून डावीकडे, एका दमात, आणि डाव्या टोकाला खडू दाबून ठिपका देई. मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जाई. लाकडातली गाठ तिला ठाऊक होती. तिथे आली की ती हात हलका करी, त्यामुळे तिचा खडू कधी अडला नाही.

बाई तिला म्हणत, "अगं, आधी माणसं तर येऊ दे, मग छप्पर घाल."

भिंगरी म्हणे, "दोरी बांधली नाही तर कपडे वाळत कुठे घालायचे?"

इस्त्रीवालीच्या मुलीपुढे बाईंचे काही चालले नाही.

एका उन्हाळ्यात, बातमीची पाळी तिच्यावर होती त्या दिवशी, भिंगरी धावत ओसरीत आली. तोवर बसगाडी पुलाजवळ थांबत असे. उद्यापासून ती वाचनालयासमोर थांबणार, असे तिला कंडक्टरने सांगितले होते. मोठी बातमी होती. तिने उजव्या कोपऱ्यात रेघ ओढली, ठिपका दिला आणि पहिले अक्षर लिहायला खडू टेकवला. तेवढ्यात ताईने विचारले की आणखी कोणी सांगितले.

"कंडक्टर म्हणाला ना."

"एकटाच? मग त्या गप्पा. पुलापाशी जाऊन आणखी कोणाला तरी विचार."

"बरं. पण रेघ पुसू नकोस हं. जागा धरलीये मी."

"मी कशाला पुसू? ओढलीस तू."

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असते. घड्याळात एक वाजत आला होता. भिंगरी ओसरीची पायरी उतरली आणि पुलाच्या दिशेने गेली. तिथे कोणालाही ती भेटली नाही. निदान भेटली असे कोणी सांगितले नाही.

गावाने शोधले, पोलिसांनी शोधले. नदीत माणसे उतरली. शेजारच्या गावांना निरोप गेले. चप्पल नाही, रिबीन नाही, काहीच मिळाले नाही. तिची बातमी मात्र खरी होती. दुसऱ्या दिवसापासून गाडी वाचनालयासमोर थांबू लागली. ते माझ्यावर कोणी लिहिले नाही.

भिंगरी परतली नाही त्याच संध्याकाळी ताईने खडू घेतला. रेघेच्या खाली थोडी जागा सोडून तिने लिहिले: "हरवली आहे. वय नऊ. पिवळा फ्रॉक. डावखुरी. सापडल्यास समोर इस्त्रीच्या दुकानात कळवावे." गाठीवर तिचा खडू मोडला. उरलेले शब्द तिने तुकड्याने पुरे केले.

बाईंनी त्यानंतर एकच बदल केला. बातमी आणायला मुले दोघादोघांनी जाऊ लागली. नियमाबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

खडूचे लिखाण वाऱ्याने, धुळीने, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या बाह्यांनी विरत जाते. म्हणून ताई दर सोमवारी, दवाखान्यात जाण्याआधी, येऊन ती सूचना गिरवू लागली. होय, दवाखान्यात, ती शिकून परिचारिका झाली. मला नवा काळा रंग दिला गेला तेव्हा सूचना रंगाखाली गेली आणि रंग वाळताच ताईने ती पुन्हा लिहिली. रेघ मात्र गेली ती गेलीच. ती ओढण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नव्हता.

मोठ्या शहराच्या रुग्णालयातून ताईला बोलावणे आले. ती नाही म्हणाली. पुन्हा आले, पुन्हा नाही म्हणाली. लोक विचारत, काय ग, का नाही जात? ती म्हणे, सोमवारचं काय करू?

दरम्यान माझेही दिवस फिरले. बातम्या लोकांच्या हातातल्या फोनवर येऊ लागल्या. माणसे ओसरीत येत ती सावलीसाठी, आणि फोनवर बोटे टकटकवत उभी राहत. माझ्या चौकटीला वाळवी लागली. कोणीतरी मला सायकल टेकवू लागले. उन्हाळ्यात मुले येतात तेवढेच काय ते दोन शब्द अंगावर पडतात. तीही उजव्या कोपऱ्यापासून लांब राहून लिहितात. त्या जागेला त्यांनी भुताचा कोपरा असे नाव दिले आहे. भर दुपारी, वाचनालय बंद असताना, फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येतो, असे ती एकमेकांना सांगतात. त्यात तथ्य नाही. उन्हाने लाकूड आकसते, त्याचा तो आवाज. शनिवारपर्यंत मी असेच म्हणत होतो.

या उन्हाळ्यात शहरातून तिसऱ्यांदा बोलावणे आले आणि ताई हो म्हणाली. तिची आई गेल्या सोमवारी तिच्यामागून ओसरीत आली. ताई सूचना गिरवत होती. दोघींचे बोलणे माझ्या अंगावरच झाले म्हणा.

आई म्हणाली, "जा की. नको कोण म्हणतंय? हे तेवढं तसंच राहू दे."

"तसंच राहत नाही, आई. मी गिरवते म्हणून राहतं."

"मग मी गिरवीन."

"तू लिहिलेलं नाहीस."

"बाई काय मला नाही म्हणणार आहेत?"

"त्या नाही म्हणणार. मी म्हणतेय. तू एकदा खडू हातात धरलास की इथून हलायची नाहीस. तिकडे लोकांचे शर्ट जळतील आणि तू इथे उभी."

आईने विचारले, मग करतेस काय. ताईचा हात थांबला. ती म्हणाली, पुसते. शनिवारी चारला, दार उघडलं की. बाई असतील, तू ये. सोमवारच्या गाडीने मी जाते.

आई रस्ता ओलांडून गेली.

आता शनिवारची दुपार. मला जे कळले तेवढेच सांगतो. दार बंद झाल्यावर मुले घरी गेली. रस्ता ओस पडला. घड्याळात दोन वाजून गेले होते. पायरीवर पाऊल वाजले नाही, किंवा मला ऐकू आले नाही. मग माझ्या उजव्या कोपऱ्यात, सूचनेच्या वर, खडू टेकला. तो उजवीकडून डावीकडे गेला, एका दमात. गाठीपाशी हात हलका झाला आणि खडू अडला नाही. डाव्या टोकाला ठिपका पडला. मग बराच वेळ काही नाही. हात गेला कधी, तेही कळले नाही.

मी हात ओळखतो असे म्हणालो. नऊ वर्षांच्या मुलीचा हात वाढला तर कसा होईल, ते मला माहीत नाही. वाढला नाही तर कसा राहील, तेही माहीत नाही. आणि इस्त्रीवाल्या आईचा हात माझ्या अंगाला कधी लागलेला नाही. इस्त्री करणारा हात बटणावरून जाताना हलका होत असणार, एवढा अंदाज मी करू शकतो.

चार वाजता बाईंनी दार उघडले. त्या ओसरीत आल्या आणि थांबल्या. ताई ओला कपडा घेऊन आली, तीही थांबली. मग तिची आई आली. मागे उन्हाळी वर्गाची मुले होती. पुसणे पाहायला ती मुद्दाम लवकर जमली होती.

ताईने विचारले, "ही कोणी ओढली?"

मुलांतली एक मुलगी म्हणाली, "आम्ही या कोपऱ्याला बोटसुद्धा लावत नाही, ताई. शप्पथ."

"भिंगरीची आहे," ताई म्हणाली. "टोकाला ठिपका बघा."

"कोणी पाहिलं का ओढताना?" बाईंनी विचारले. सवयीने विचारले असावे. ताईच्या हातातल्या कपड्याचे पाणी फरशीवर पडत राहिले.

आई म्हणाली, "मी सांगते. तिचीच आहे. झाल्या ना दोघी?"

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"नाही."

यावर बाई काय म्हणतात, ते सगळ्या गावाला पाठ आहे. बाईंनी ते वाक्य सुरू केले आणि त्यांना ते पुरे करता आले नाही.

"आई, हात दाखव," ताई म्हणाली.

"खळ आहे ती."

"दाखव तर."

"अगं, सकाळपासून चादरींना खळ करतेय. बोटं पांढरी नाही होणार तर काय?"

मित्रांनो, त्या ओसरीत दुसरा साक्षीदार मी होतो. ती रेघ आली तेव्हा मी तिथे होतो, आणि मला तोंड नाही.

ताई पुढे झाली. तिने कपडा माझ्यावर ठेवला आणि सूचना पुसायला लागली. आईने तिचे मनगट धरले असावे, कारण कपडा मध्येच थांबला. "पुसू नको, अगं. आता तरी नको," असे ती म्हणाली.

"आता तर पुसायलाच हवं," ताई म्हणाली. "हरवली आहे असं कसं लिहून ठेवू? ती येऊन गेली. खोटं होईल ते."

तिने वय पुसले, फ्रॉक पुसला, दुकानाचा पत्ता पुसला. रेघेला कपडा लागू दिला नाही. रेघ तिची नव्हती. मग मुलांना आत जायला सांगून ती पायरीवर बसली. बाईंनी त्या दिवशी गोष्ट सांगितली खरी, पण पुस्तकाची पाने बराच वेळ उलटली नाहीत, हे मला ओसरीत ऐकू येत होते.

रविवारी वाचनालय बंद असते. ताई एक वाजता आली आणि चारपर्यंत पायरीवर बसून होती. कोणी आले नाही. रेघेखाली काही उमटले नाही.

आज सोमवार. तिची गाडी अडीचची. एक वाजता दार बंद होताना बाईंनी तिला विचारले की सामान भरून झाले का. ती हो म्हणाली आणि पायरीवर बसली. थोड्या वेळाने आई तिची बॅग घेऊन रस्ता ओलांडून आली आणि ती तिच्याजवळ ठेवली. जड होती, फरशीवर आदळली.

आई म्हणाली, "ऊठ. गाडी येईल आता."

"ती याच वेळात आली होती. आज आली तर?"

"नाही यायची."

"तुला काय माहीत?"

आई म्हणाली, "मी ओढली असं समज."

"ओढलीस का?"

"समज म्हटलं ना."

"समजून नाही चालत, आई. ओढलीस की नाही, एवढंच सांग."

"दुकानात इस्त्री तापत ठेवलीये," आई म्हणाली. ती गेली. तिची पावले रस्त्याच्या मधोमध एकदा थांबली आणि मग पुढे गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी आपली कैफियत मांडतात. मला रंग द्या, वाळवी काढा, सायकल टेकवू नका. द्याल तर रंग द्या, मी नाही म्हणणार नाही. पण त्याहून दुसरे मागणे आहे. काहीही पुसण्याआधी ते एकदा पूर्ण वाचा. पुसल्यावर ते कोणाचे होते हे कोणी विचारत नाही. कोणी जागा धरून ठेवली असेल तर ती त्याच्यासाठी राहू द्या. आणि एखाद्या लहान मुलाला काही विचारून यायला पाठवत असाल, तर बातमी थोडी उशिरा लिहा, पण त्याच्याबरोबर जा.

अडीच वाजता गाडी आली. माझ्यासमोर थांबली. दार उघडले. कंडक्टरने विचारले की कोणी आहे का, आणि थोडे थांबून पुन्हा विचारले. कोणी उत्तर दिल्याचे मला ऐकू आले नाही. इंजिनाचा आवाज मोठा होता. मग दार लागले, घंटी वाजली आणि गाडी गेली.

तेव्हापासून पायरीवरून कसलाही आवाज आलेला नाही. तिथे कोणी बसले आहे की नाही, हे मला अजून कळलेले नाही.